मोटेच्या पाण्याएवढा मळा

आमच्या माढा तालुक्यात शाळेचा बक्षीस समारंभ असो, कारखान्याचं मोळीपूजन असो की पतसंस्थेच्या नव्या शाखेचं उद्घाटन, पाहुणे बोलायला उभे राहिले की थोड्याच वेळात सावता महाराजांवर येतात. साहजिक आहे. अरण आमच्याच तालुक्यातलं, मोडनिंबच्या शेजारचं गाव. तिथल्या मळ्यात महाराज राबले आणि शके 1217 मध्ये, म्हणजे 1295 साली, तिथेच त्यांनी देह ठेवला. भाषणाचा शेवटही ठरलेला असतो: काम हीच पूजा, तेव्हा आपापलं काम मन लावून करा. टाळ्या होतात, शाल-नारळ होतो, माणसं चहाकडे वळतात.

मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. माहेर माढ्याचं, ऑफिस पुण्यात, आणि निम्मी कामं अजून सोलापूर जिल्ह्यातली. बागा आखणं हाच धंदा असल्याने सावता महाराज मला लांबचे संत वाटत नाहीत, या कामातले थोरले वाटतात. म्हणूनच त्या टाळ्यांच्या वाक्याशी माझं भांडण आहे. काम ही पूजा, कबूल. पण कुठलंही काम? टेकडी कापणारा जेसीबीचा ड्रायव्हरही मन लावूनच काम करतो. मन दुसरीकडे गेलं तर मशीन उलटेल. चार बोअर कोरडे गेल्यावर पाचवा पाडणारा तर देवाचं नाव घेऊनच पाडतो. त्यांचीही पूजाच का? नसेल, तर कामाला पूजेची पायरी मिळते ती कशाने?

शास्त्राचं उत्तर जुनं आहे. ज्याच्यापासून हे सगळं झालं त्याची पूजा माणसाने स्वकर्माने करावी, असं गीतेचा अठरावा अध्याय सांगतो. 1290 साली ज्ञानेश्वरीत त्याचा अर्थ सांगताना ज्ञानदेवांनी आपल्या कर्मांनाच पूजेची फुलं म्हटलं. सावता महाराज त्यांचे समकालीन. मात्र त्या काळी स्वकर्म कोणतं, हे जन्माने ठरत होतं. माळ्याच्या घरी जन्मलेल्याने मळा करायचा. वारकरी संतांचं मोठेपण हे, की असं बांधून मिळालेल्या कामातच त्यांनी देव उभा केला. मला माझं स्वकर्म कुणी बांधून दिलं नाही. बारावीनंतर नाटाची परीक्षा दिली, 5 वर्षं आर्किटेक्चर केलं आणि त्यावर 2 वर्षं लँडस्केपचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. निवडून घेतलेल्या कामाचा जाब जास्त कडक असतो. तो जन्मावर ढकलता येत नाही.

घरी हे निवडलेलं काम समजावून सांगणं सोपं नव्हतं. आजी म्हणाली, "सात वरसं शिकून झाडंच लावायची व्हय? ती तर पाखरं बी लावत्यात."

आजीचं खरं होतं. झाडं लावणं हा या कामाचा लहानसा भाग. जमिनीचे चढउतार मोजायचे, पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठे जायला हवं ते ठरवायचं, माती किती खोल आहे, मुरूम कुठे लागतो, चुनखड आहे का, हे खड्डा घेऊन बघायचं. रस्ते, पायऱ्या, भिंती, गटारं यांची ड्रॉइंग करायची. आज कमरेएवढ्या असलेल्या रोपाची 20 वर्षांनंतरची सावली कागदावर मांडायची. आणि मग कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातल्या शेणखताच्या ट्रॉल्या मोजायच्या. आर्किटेक्टची नोंदणी 1972 च्या कायद्याने होते; लँडस्केपवाल्यांची वेगळी नोंदणी आपल्याकडे नाही. देशपातळीवरची संघटनासुद्धा 2003 ची, म्हणजे कालपरवाची.

धंद्याचं हे नाव रूढ केलं अमेरिकेतल्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडने. 1858 साली त्याने कॅल्व्हर्ट वॉक्सच्या जोडीने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला. त्याआधी काही वर्षं त्यानेही शेती केली होती. त्या पार्कच्या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची, बहुतांशी कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती होती. 1857 पर्यंत ती उठवण्यात आली. बाग म्हटलं की पुण्याचं, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेलं काम असं आपण धरून चालतो. जगातल्या एका नावाजलेल्या बागेखाली लोकांची घरं, चर्च आणि कब्रस्तान होतं. तेव्हा जेसीबीवाल्याला विचारलेला प्रश्न मला स्वतःलाही विचारावा लागतो.

आता अरणकडे वळते. सावता महाराजांचे 37 अभंग आज मिळतात. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध अभंगात ते मळ्यातल्या भाज्यांना देव म्हणतात, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. भाषणं तिथे थांबतात. अभंग थांबत नाही. भाज्या झाल्यावर तो विहिरीकडे, मोटेकडे, तिच्या दोराकडे जातो आणि त्या सामानसुमानातही पंढरी बघतो. नुसता भावुक माणूस कोथिंबिरीत देव पाहून तृप्त झाला असता. मोटेपर्यंत जाणं हे दारं धरणाऱ्याचं लक्षण आहे.

मोट चालताना पाहिलेली माणसं आता थोडी उरली. माझ्या आजोबांनी ती हाकली होती. बैल धावेवरून उताराला जातात, नाडा ताणतो, चामड्याची मोट वर येते, सोंदूर ओढला की तिची सोंड थारोळ्यात रिकामी होते आणि पाणी पाटाला लागतं. बैल मागे सरत पुन्हा वर येतात, मोट पुन्हा विहिरीत. दिवसभर हाकलं तरी भिजायचे ते थोडेच वाफे. बैल दमतात. विहीर उपसली की झरे भरेपर्यंत बसून राहावं लागतं. कांद्याचे वाफे किती घ्यायचे, हे बाजारभावाच्या आधी विहीर ठरवायची. मळा मोटेच्या पाण्याएवढाच राहायचा. आपल्या कांद्यात किती मोटा पाणी गेलंय, हे महाराजांच्या खांद्यांना ठाऊक असणार. ज्या माणसाने विहिरीत आणि दोरात देव पाहिला, त्याने आपल्या मर्यादेलाही हात जोडले, असं मी समजते.

विजेची मोटार दमत नाही. तिथून गोष्ट बदलली. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, तेही आमच्याच तालुक्यात. साठा 117 टीएमसी. पाठोपाठ ऊस आला, कारखाने आले. आमच्या घरीही ऊस आहे आणि माझ्या कॉलेजची फी त्याच बिलातून गेली आहे, तेव्हा त्याला नावं ठेवायचा माझा इरादा नाही. मला एवढंच दिसतं की, वर्षाला 500-550 मिलीमीटर पावसाच्या मुलखात माणसाला प्रथमच विहिरीला न विचारता लागण करता येऊ लागली. कष्ट तेच राहिले, त्यातलं विचारणं गेलं.

याचा एक नमुना माझ्या टेबलापर्यंत आला. हमरस्त्याला लागून मंगल कार्यालय बांधणारे एक मालक आले होते. आपल्याकडे अशा जागेच्या नावातच 'लॉन्स' असतं, त्यामुळे त्यांना लॉन हवीच होती, 20 गुंठे. मी त्यांच्यासमोर वहीत हिशेब मांडला. आमच्याकडच्या उन्हाळ्यात लॉन हिरवी ठेवायची तर चौरस मीटरला रोज किमान 5 लिटर पाणी लागतं. गुंठा म्हणजे 101 चौरस मीटर. गुंठ्याला झाले 500 लिटर. त्याच गुंठ्यावर वर्षभर पडणारा सगळा पाऊस, थेंबही वाया न घालवता साठवला, तरी 50-55 हजार लिटर भरतो. तो साडेतीन महिन्यांत संपला. आणि 20 गुंठ्यांना रोज 10,000 लिटर, म्हणजे रोज एक टँकर.

"बोअरला दोन इंची पानी हाय की, मॅडम," ते म्हणाले.

"साहेब, बोअर तुमचा आहे, पण खालचं पाणी सगळ्यांचं आहे. एप्रिलमध्ये शेजारच्या वस्तीवर टँकर येतो, तोही एवढाच असतो."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते खरंय, पन फोटोत हिरवं दिसाय पायजे."

शेवटी स्टेजपुढे 3 गुंठे लॉन ठेवली. बाकी जागेत मुरूम दाबून घेतला, मधून फरशीचे पट्टे काढले, कडेने लिंब, करंज आणि शिरीष लावले आणि हात धुण्याच्या जागेचं पाणी चरातून त्यांच्या मुळाशी सोडलं. यात माझा त्याग वगैरे काही नाही, फी मी पूर्ण घेतली. तरी त्या वहीच्या पानावर जे झालं, ते मला या धंद्यात पूजेच्या सर्वांत जवळचं वाटतं. विहिरीला विचारून मळा ठरला.

पुढचा प्रश्न कर्तेपणाचा. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात पाण्याचा दृष्टान्त आहे: माळी नेईल तिकडे पाणी निमूट जातं, तसं माणसाने व्हावं. म्हणजे देव माळी आणि आपण पाणी. साइटवर उभी असले की मला त्यात माळ्याच्या बाजूने एक भर घालावीशी वाटते. माळीसुद्धा पाण्याला मनाला येईल तिकडे नेऊ शकत नाही. पाटाला ढाळ कमी पडला की पाणी तुंबतं, जास्त झाला की माती घेऊन पळतं. पाणी माळ्याचं ऐकतं, कारण माळ्याने आधी जमिनीचं ऐकलेलं असतं.

तालुक्यातल्या एका शाळेच्या आवारात आम्ही पाटाची आणि झाडांच्या आळ्यांची आखणी करत होतो. सर्व्हेचं ड्रॉइंग हातात होतं, त्यावर अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या कॉन्टूर होत्या, फक्कीची पिशवी फोडून ठेवलेली होती. आमचे माळीमामा मात्र फक्कीला हात लावेनात. त्यांनी हापशावरून बादली भरून आणली, कोपऱ्यात अलगद ओतली आणि उकिडवे बसून बघत राहिले. पाणी मुरमाच्या खड्यांत अडखळलं, एका दगडाला वळसा घालून थांबलं, फुगलं आणि त्यातून एक ओघळ डावीकडे सुटला. मामांनी काडीने त्याच्यामागे रेघ ओढली. पुन्हा बादली, पुन्हा रेघ. मग उठून म्हणाले, "आता मारा फक्की. पान्यानं वाट दावलीया." अर्ध्या मीटरच्या कॉन्टूरमध्ये न मावणारे चार बोटांचे चढउतार त्या काडीने टिपले होते.

ती आखणी केली कुणी? ड्रॉइंग माझं, काडी मामांची, चाल पाण्याची, आणि खालचा मुरूम ज्या दगडाचा झाला तो दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. वाटणी करायला बसलं तर माझ्या हिश्शाला फक्कीची पिशवी येते. 'मी केलं' म्हणू नये, हे कीर्तनात ऐकताना नीतीचा उपदेश वाटतो. साइटवर तो नुसता बरोबर हिशेब असतो.

जागेचं आधी ऐकायचं, ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. महानुभावांच्या 'स्थानपोथी'त चक्रधर स्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले त्या जागा दिशांसकट नोंदलेल्या आहेत. मूर्तिपूजा न मानणाऱ्या पंथाने जागेला केवढा मान दिला! मूर्ती हलते, हे माढ्याला चांगलं माहीत आहे. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी पंढरपूरचा विठ्ठल माढ्यात आणला होता, असं सांगतात. माढ्याच्या देवळातली मूर्तीच मूळची, असं डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात मांडलं आणि त्यावर भरपूर वाद झाला. मूर्ती संकटात सुरक्षित जागी नेता येते. मळा, ओढा, माळ यांना असं उचलून नेता येत नाही. जे करायचं ते तिथेच, आणि जे बिघडायचं तेही तिथेच.

विचारून काम करायचं ठरवलं की जमीन कधी कधी 'काही करू नको' असंही सांगते. 1979 मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होतं आणि माढा तालुक्याचा भागही त्यात होता. पुढे ते 1,222 वर आलं. माळढोकाला दाट झाडी नको असते, उघडा माळ हवा असतो. पवन्या, मारवेल, कुसळी अशा गवतांचा हा माळ कागदोपत्री पडीक ठरतो. 2019 मध्ये राज्याने 33 कोटी झाडं लावण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. अशा उत्साहाच्या दिवसांत तर माळ म्हणजे खड्ड्यांची वाट बघत पडलेली रिकामी जागा, असंच सगळ्यांना वाटतं.

एका संस्थेने अशाच माळावर देवराई 'करून' मागितली. सह्याद्रीतल्या देवराया कुणी आराखडा काढून लावलेल्या नाहीत. देवाच्या नावाने कुऱ्हाड थांबली म्हणून त्या टिकल्या. मी सांगितलं: कुंपण घाला, काही वर्षं चराई आटोक्यात ठेवा, ओढ्याकाठचे हिवर आणि बोरी राखा, बाकी गवत येऊ द्या. बैठकीत एक जण म्हणाले, "मग मॅडम, तुमची फी कशाची?" प्रश्न रास्त होता. न करण्याचं बिल कोणत्या सदराखाली लावायचं, हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. अकर्मातलं कर्म ओळखणाऱ्याला गीता शहाणा म्हणते, पण टेंडरमध्ये त्याचा दर नसतो. या धंद्यात अंगी काय हवं असं कुणी विचारलं तर मी हे आधी सांगते: रिकामा कागद गिऱ्हाइकासमोर ठेवायची हिंमत.

आणि मग राखण. सावता महाराज पंढरपूरला कधी गेले नाहीत, असं परंपरा सांगते. देव मळ्यातच भेटल्यावर त्यांना जायची गरज काय, असा त्याचा अर्थ लावला जातो. मला त्यामागे माळ्याचं वेळापत्रकही दिसतं. आषाढ हा मळा सोडून जायचा महिना नव्हे. तण तेव्हाच माजतं. भक्ताला मळा सोडवेना, तेव्हा देवालाच निघावं लागलं. सगळा महाराष्ट्र ज्याच्याकडे चालत जातो, त्या पांडुरंगाची पालखी सावता महाराजांच्या पुण्यतिथी सोहळ्याला पंढरपूरहून अरणला येते.

आमच्या धंद्याची रीत नेमकी उलटी. फीत कापली, फोटो काढले, शेवटचं बिल निघालं की आम्ही पुढच्या साइटवर. कॉन्ट्रॅक्टमध्ये देखभाल फार तर वर्षभराची असते आणि इकडे झाडाला जमीन धरायला तीन पावसाळे लागतात. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिला कमी होतो तो माळी. म्हणून मी आता पहिल्याच बैठकीत विचारते, माळी कोण आहे, त्याचा पगार कोण देणार आणि पाण्याची पाळी किती दिवसांनी. उत्तर नसेल तर बाग त्या उत्तराएवढी लहान करते. मामांच्या शाळेत झाडं थोडी आहेत, पण उभी आहेत.

माझे माळकरी चुलते, आबा, याला आक्षेप घेतात. "भक्ती म्हणजे काय पाणीपट्टीचा हिशेब आहे का, पोरी? भाव बघावा. मालकाला लॉनचा भाव, तुला माळाचा भाव." आबांशी वाद घालणं अवघड, कारण ते ओव्या पाठ म्हणतात आणि मला फक्त लिटर माहीत. पण मला त्यांचं पटत नाही. भाव ज्याचा त्याचा असतो, पाणी मात्र शेजाऱ्याचंही असतं. माझ्या भावापायी मी माझी झोप, माझे पैसे, माझं आयुष्य हवं तेवढं खर्चावं. शेजाऱ्याचं पाणी त्यात खर्ची टाकायचा मला अधिकार नाही. काम मन लावून केलं म्हणून ते पूजा होत नाही. ज्या जागेवर ते करायचं, तिला परवडेल एवढंच करून पुढे ते राखलं, तर होतं. सावता महाराजांच्या मळ्यात हे दोन्ही होतं आणि म्हणून त्यांना 'माझा मळा हीच पंढरी' म्हणायचा हक्क होता. बाकीच्यांनी ते वाक्य बॅनरवर छापण्याआधी आपली विहीर दाखवावी.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगेन. ड्रॉइंग, सॉफ्टवेअर आणि झाडांची लॅटिन नावं कॉलेज शिकवील. तुम्ही एकच जागा मे महिन्यात बघा आणि तीच पुन्हा ऑगस्टमध्ये बघा. माळ्याच्या शेजारी बसून पाणी कसं चालतं ते पाहा. बाग आखायच्या आधी पाणी मोजा, आणि पाणी पुरत नसेल तर आराखडा लहान करा.